थिबा राजा : ज्याला नाही म्हणता आलं नाही

बहादूरशाह जफर यांना इंग्रजांनी १८५८ मध्ये दिल्लीहून रंगूनला पाठवलं, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. त्याच इंग्रजांनी पुढे ब्रह्मदेशचा राजा आमच्या रत्नागिरीत आणून ठेवला, हे मात्र बाहेरच्यांना सांगावं लागतं. थिबा पॅलेस, थिबा पॉईंट ही नावं आम्ही रोज घेतो. माणसाचा विचार क्वचितच करतो.

थिबा १८५९ सालचा. राजा मिंडोनच्या अनेक मुलांपैकी एक, मठात शिकलेला, पाली धर्मग्रंथांची कठीण परीक्षा पास झालेला. गादीची हाव त्याला नव्हती असं दिसतं, आणि म्हणूनच तो निवडला गेला. १८७८ मध्ये मिंडोन वारला तेव्हा एक राणी आणि काही मंत्र्यांना हाताखाली राहील असा मुलगा हवा होता. त्या राणीची मुलगी सुप्पयालत थिबाची पट्टराणी झाली.

फेब्रुवारी १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात सुमारे ८० राजपुत्र, राजकन्या आणि नातलग मारले गेले. त्यात थिबाचे सावत्र भाऊबंद होते. बेत सासू आणि मंत्र्यांचा, असं बहुतेक इतिहासकार सांगतात. पण राजा तर हा होता ना? जीव घेणं पाप आहे हे मठात शिकलेल्याला दुसऱ्याने सांगायला नको होतं. त्याला कळत होतं, वळलं नाही. गादी वाचली आणि तो गप्प राहिला. आम्ही त्याला क्रूर म्हणणार नाही, पण निर्दोषही म्हणवत नाही. पुढे एका तरुणीवर त्याचं मन बसलं. राणीच्या रागापुढे तिलाही त्याला वाचवता आलं नाही.

सागवानाच्या व्यापाराचं भांडण निमित्त झालं आणि नोव्हेंबर १८८५ च्या दोन आठवड्यांच्या लढाईत राज्य गेलं. एप्रिल १८८६ मध्ये मद्रासमार्गे राजा रत्नागिरीत पोचला. रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद. कैदी ठेवायला याहून सोयीची जागा कुठली? (रेल्वे आमच्याकडे यायला पुढे शंभरेक वर्षं लागली, ते असो.)

इथे त्याने तीस वर्षं काढली. हात सढळ, पेन्शन अपुरी; दागिने विकले गेले, उधारी झाली. गेलेल्या माणकाची तक्रार मात्र तो सरकारकडे करत राहिला. लाल जांभ्याचा राजवाडा मिळाला तो १९१० मध्ये, मरणाआधी जेमतेम सहा वर्षं.

आमच्या मते खरी किंमत मुलींनी मोजली. चौघी होत्या, धाकटी तर इथेच जन्मली. नवरा राजघराण्यातलाच हवा म्हणून त्यांची लग्नं रखडली. थोरलीचा जीव वाड्यावरच्या एका मराठी नोकरावर जडला. तो आधीच लग्नाचा होता. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली.

थिबा डिसेंबर १९१६ मध्ये गेला. राणीला मयत मायदेशी न्यायचं होतं, म्हणून पेटी १९१९ पर्यंत तशीच राहिली. शेवटी दफन इथेच झालं, शिवाजीनगरात कबर आहे. राणी रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत आली आणि हलाखीत १९४७ मध्ये वारली. तिची मुलगी मराठी बोलत, शेणी थापत, कागदी फुलं करत याच गावात म्हातारी झाली. तिला जाऊन फार दिवस झाले नाहीत; २००० सालची गोष्ट.