भीक नव्हे, हक्क : विल्यम बेव्हरिज आणि बेकारीचा विमा

कामगार कपातीत नाव आले की कामगार वकिलाला पहिला प्रश्न विचारतो, भरपाई किती मिळेल? दुसरा प्रश्न तो विचारतच नाही. इतकी वर्षे पगारातून विम्याचे पैसे कापले गेले, तर काम नसलेल्या दिवसांसाठी त्यातून काही मिळायला नको काय? हा प्रश्न इंग्लंडच्या कायद्यात ज्यांनी आणला, त्यांत विल्यम बेव्हरिज हे प्रमुख नाव.

त्यांचा जन्म ५ मार्च १८७९ रोजी बंगालमधील रंगपूरचा. वडील हेन्री जिल्हा न्यायाधीश, भारतीयांविषयी सहानुभूती बाळगणारे. आई ॲनेट हिने कलकत्त्यात मुलींसाठी शाळा काढली. पण भारतीय न्यायाधीशांपुढे गोऱ्यांचे खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट विधेयकाला याच बाईंनी १८८३ साली जाहीर विरोध केला होता. म्हणजे एकाच घरात दोन इंग्लंड नांदत होते!

ऑक्सफर्डला शिकून, कायद्याचा अभ्यास करूनही हा तरुण वकिलीकडे वळला नाही. १९०३ साली तो लंडनच्या कष्टकरी ईस्ट एंड वस्तीतील टॉयन्बी हॉल या संस्थेत कामाला गेला. गोदीच्या दारात रोज सकाळी माणसांची गर्दी उभी राही. थोड्यांना काम मिळे, बाकीचे रिकाम्या हाताने परतत. प्रतिष्ठितांचे मत ठरलेले होते, बेकार तो आळशी. बेव्हरिज यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात हे मत खोडून काढले. बेकारी हा माणसाच्या स्वभावाचा नव्हे, उद्योगधंद्याच्या रचनेचा प्रश्न आहे, अशी त्यांची मांडणी होती. आपल्या समाजाला जन्मभर ऐकवल्या गेलेल्या शेऱ्यांची येथे आठवण होते.

१९०८ साली ते चर्चिल यांच्या व्यापार खात्यात गेले. १९१० मध्ये रोजगार विनिमय केंद्रे उघडली, त्यांचे ते प्रमुख होते. पाठोपाठ १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आला. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या सात धंद्यांतील सुमारे साडेबावीस लाख कामगार त्यात आले. कामगाराचे आठवड्याला अडीच पेन्स, मालकाचे तेवढेच, आणि सरकारची भर. काम गेल्यास आठवड्याला ७ शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे. पात्रतेच्या अटी वकिलाच्या नजरेने पाहण्यासारख्या आहेत. मागील पाच वर्षांत त्या धंद्यात किमान २६ आठवडे काम केलेले हवे. पाच हप्त्यांमागे एक आठवड्याचा भत्ता. गैरवर्तनामुळे काढलेल्याला किंवा सबळ कारणाशिवाय स्वतः नोकरी सोडलेल्याला सहा आठवडे काही नाही. कपातीत गेलेल्याला मात्र हा अडसर नव्हता, कारण दोष त्याचा नव्हता. त्याची गरिबी तपासायला कोणी घरात शिरणार नव्हते. त्याने पैसे भरले होते, एवढे पुरे.

१९१९ ते १९३७ ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. बाबासाहेब तेथे अभ्यासासाठी राबत होते तो काळ हाच. पुढे १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच डिसेंबरात बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला. सर्वांना समान हप्ता, समान भत्ता, ही त्याची चौकट. बेकारी टिकेल तोवर भत्ता मिळावा, मात्र काही काळानंतर प्रशिक्षणाला हजर राहावे, असे त्यांनी सुचवले. १९४६ च्या कायद्याने मात्र त्याला मुदत घातलीच. आज ब्रिटनमध्ये मागील दोन-तीन वर्षांत पुरेसे हप्ते भरलेल्या बेकाराला असा भत्ता जास्तीत जास्त सहा महिने मिळतो. कपातीपोटी मिळालेली कायदेशीर भरपाई त्याच्या आड येत नाही.

बेव्हरिज यांची पूजा बांधण्याचे कारण नाही. विवाहित स्त्रीला त्यांनी नवऱ्याच्या हप्त्यावर अवलंबून ठेवले. माणसांच्या वंशसुधारणेच्या विचाराचेही ते समर्थक होते. जातीचे चटके सोसलेल्यांनी हे विसरू नये. १६ मार्च १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात आजारपण, बाळंतपण, अपघात आले. बेकारी आली नाही. २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना निघाली, तीही सुरुवातीला पाच वर्षे विमेदार असलेल्या आणि कारखाना बंद पडून वा कपातीत काम गेलेल्यांसाठी. आणि ज्याचा हप्ता मालकाने भरलाच नाही त्याचे काय? माझ्याकडे येणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांपैकी अनेकांच्या हाती पगाराची साधी पावतीही नसते. दावा लावायच्या आधी त्यांनी काम केले होते, हेच सिद्ध करत बसावे लागते.