गुलाबराव महाराजांचा ‘स्क्रीन रीडर’

मोहोळमधल्या माझ्या एका मित्राला दिसत नाही. गेल्या महिन्यात त्याच्या लॅपटॉपवर मी एनव्हीडीए टाकून दिलं. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर, तेही फुकट. पठ्ठ्याला कीर्तनाचं वेड. त्यामुळे सगळ्यात आधी मागितली ती संत गुलाबराव महाराजांची पुस्तकं. तेव्हा आधी महाराजांबद्दल बोलू.

जन्म ६ जुलै १८८१, अमरावती जिल्ह्यातलं लोणी टाकळी. आडनाव मोहोड, गाव माधान. वर्षाचेही नव्हते, तेव्हा डोळ्यांच्या दुखण्यात दृष्टी गेली. चार वर्षांचे असताना आई गेली, मग आजोळी आजीनं सांभाळलं. भारतातली पहिली अंधशाळा अमृतसरला निघाली १८८७ मध्ये. वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत ब्रेल पोचायला अजून खूप अवकाश होता.

मग ते शिकले कसे? दुसऱ्यांकडून पुस्तकं वाचून घ्यायची, कानानं ऐकायची, डोक्यात साठवायची. लिहायचं असेल तर आपण सांगायचं आणि दुसऱ्यानं उतरवून घ्यायचं. अशा पद्धतीनं मराठी, हिंदी, संस्कृतमध्ये शंभराहून जास्त ग्रंथ झाले! ज्ञानेश्वर माउलींना गुरू मानून ते स्वतःला त्यांची कन्या म्हणवत. मधुराद्वैत हा विचार त्यांनी मांडला, ‘नावंग’ नावाची नवी भाषाही तयार केली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. २० सप्टेंबर १९१५ ला पुण्यात ते गेले, तेव्हा वय होतं फक्त ३४.

म्हणजे त्यांचा स्क्रीन रीडर होता जिवंत माणूस. पण वाचणारा उठून गेला की पुस्तक मिटलं. माझ्या मित्राचंही आजवर तेच. बँकेचं स्टेटमेंटसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, म्हणजे खात्यात किती पैसे आहेत ते अख्ख्या घराला कळणार.

तुम्हालाही कोणाला सेटअप करून द्यायचा असेल तर एवढं करा:

१. एनव्हीडीए इन्स्टॉल करताना कॅप्स लॉकला ‘एनव्हीडीए की’ करा. लॅपटॉपवर इन्सर्ट शोधत बसावं लागत नाही.
२. एनव्हीडीए की + कंट्रोल + एस दाबून ईस्पीक एनजी निवडा.
३. एनव्हीडीए की + कंट्रोल + व्ही दाबून आवाज मराठी करा. वेग सुरुवातीला कमी ठेवा.
४. आवाज बंद पडला तर कंट्रोल + ऑल्ट + एन. हे त्यांच्याकडूनच दोन-चारदा करून घ्या.

आम्ही अडलो ते पुस्तकापाशी. पीडीएफ उघडली आणि एनव्हीडीए गप्प! कारण ती स्कॅन केलेली, म्हणजे पानांचे नुसते फोटो. मग फाइल गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडली. फोटोतली अक्षरं मजकूर होऊन आली, पण जोडाक्षरांचा पार चुराडा. लांबलचक पुस्तक एका दमात होत नाही, म्हणून थोडी थोडी पानं घेतली आणि चुका मी हातानं सुधारल्या.

आत्तापर्यंत वीस पानं झालीत. ती तो रात्री हेडफोन लावून एकटाच वाचतो, आणि सकाळी पुढची पाठव म्हणून माझ्या मागे लागतो.