बाबा आमटे आणि त्यांचा पाठीचा कणा

बाबा आमटे हे नाव उच्चारताच नांदेड-लातूरकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर आनंदवन उभे राहते. झडलेल्या बोटांनी शेती पिकविणारे कुष्ठमुक्त बांधव, पांढरी बंडी आणि अर्धी चड्डी घातलेली बाबांची मूर्ती आणि शेजारी साधनाताई, असे ते चित्र असते. मात्र या मूर्तीला आयुष्याची अखेरची दोन दशके आणि त्याहूनही अधिक काळ खुर्चीवर बसता येत नव्हते, ही गोष्ट फार थोड्यांच्या स्मरणात असते. पाठीच्या कण्याच्या झिजेमुळे बाबांपुढे दोनच अवस्था उरल्या होत्या : उभे राहणे किंवा आडवे होणे. ज्या कार्यांमुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले, त्यांपैकी भारत जोडो अभियान आणि नर्मदाकाठचे वास्तव्य ही दोन्ही याच अवस्थेतील आहेत.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म दि. २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका जहागीरदार घराण्यात झाला. तारुण्यात त्यांना शिकारीचा नाद होता, वेगाने मोटार चालविण्याचा शौक होता आणि चित्रपटांचे वेड तर इतके की ते त्यांची परीक्षणे लिहीत. नागपूरला कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वरोरा येथे वकिली केली. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्यांचे खटले त्यांनी लढविले आणि स्वतःही तुरुंगवास भोगला. रेल्वेच्या डब्यात गोऱ्या सैनिकांच्या छळातून एका मुलीला सोडविल्यावर गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटले. पुढे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांबरोबर मैल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या. त्याच दिवसांत पावसात भिजत पडलेला, बोटे झडलेला तुळशीराम त्यांना दिसला आणि अभयसाधक म्हणविणारा हा माणूस भयाने घराकडे पळाला. त्या भयाची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्यांनी तुळशीरामवर आडोसा उभारला आणि त्याच्या अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. बाबांच्या पुढील आयुष्याचे मूळ या परत फिरण्यात आहे.

१९४६ साली त्यांचा विवाह इंदू घुले यांच्याशी झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत बाबांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले आणि तेथे संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठाचे जंतू टोचून घेतले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. जून १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, विंचू-सापांनी भरलेल्या पन्नास एकर जमिनीवर आनंदवनाचा प्रारंभ विनोबाजींच्या हस्ते झाला. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढेच भांडवल होते. पहिले काम विहिरीचे. ज्यांच्या हातांना धड पकड नव्हती अशा माणसांसमवेत बाबा खडक फोडत होते.

येथे एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. कुष्ठरोग्याला वाढलेले अन्न आणि दिलेले वस्त्र यांनी त्याचा आजार बरा होत नाही आणि त्याची मान वर होत नाही, अशी बाबांची धारणा होती. डॅप्सोन हे औषध तेव्हा उपलब्ध झाले होते, रोग आटोक्यात येत होता. परंतु बरा झालेला माणूस परत भीकच मागत असेल तर औषधाचा उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून आनंदवनात दानापेक्षा श्रमाला वरचे आसन मिळाले. जेथे दान हे नित्यकर्म मानले जाते, तेथे हा विचार थोडा अडचणीचा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही आनंदवन उभे राहिले ते देणगीदारांच्या साहाय्यानेच. बाबांचा विरोध घेणाऱ्याला कायम याचक ठेवणाऱ्या वृत्तीला होता, देणाऱ्याच्या हाताला नव्हता. १९६७ मध्ये सोमनाथ प्रकल्प आणि डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तोही याच श्रमाच्या बळावर.

मध्यम वयानंतर याच शरीराने असहकार पुकारला. मानेच्या मणक्यांपासून झीज वाढत गेली. आपल्याकडे या व्याधीला सरसकट स्पॉन्डिलायटिस म्हणतात. मणक्यांमधील चकती, म्हणजे ज्याला लोक गादी म्हणतात ती, पाणी गमावून चपटी होते; मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात; मज्जातंतू बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद होतात. अतिश्रमानेच कणा झिजतो असा समज आहे, तो पूर्ण खरा नाही. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या पाहणीतून १९९० च्या दशकात असे दिसून आले की कण्याच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा कष्टांहून पुष्कळ मोठा असतो.

उभे राहता येते, आडवे होता येते, पण बसता येत नाही, हे ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. बसणे म्हणजे विश्रांती अशी आपली कल्पना आहे. स्वीडनमधील अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा तो आडवे असताना सर्वांत कमी, उभे असताना अधिक आणि आधाराविना बसल्यावर त्याहूनही अधिक भरला. नंतरच्या मोजमापांत उभे राहणे व बसणे यांतील फरक इतका ठळक आढळला नाही. परंतु बसताना कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते आणि रोगट चकतीवर, सांध्यांवर ताण येतो, हे अनेक रुग्ण रोज अनुभवतात. बाबांच्या बाबतीत हा अनुभव टोकाला गेला होता. ते पलंगावर पडून मजकूर सांगत, पडूनच पाहुण्यांशी बोलत आणि सभेत उभे राहून भाषण करीत. चालणे मात्र त्यांनी सोडले नाही.

अशा रुग्णासाठी त्या काळच्या शस्त्रक्रियेजवळ काय होते, हेही पाहिले पाहिजे. सरकलेली चकती मज्जातंतूवर दाब देऊन पायात कळ आणते, हे बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. बाबा त्या वेळी विशीत होते. पुढची अनेक वर्षे शस्त्रक्रिया म्हणजे पाठीवर लांब छेद, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडविणे आणि मणक्याची मागची कमान काढून टाकणे. क्ष-किरण चित्रात हाडे दिसत, चकती दिसत नसे. ती ओळखण्यासाठी कण्याच्या पोकळीत द्रव्य टोचून चित्र काढावे लागे आणि ती तपासणीही त्रासदायक होती. एकाच ठिकाणी दाब असेल तर रुग्णाला उत्तम आराम पडे. झीज मानेपासून कमरेपर्यंत पसरलेली असेल तर शल्यचिकित्सक कोठे छेद घेणार? एक मणका मोकळा करावा तर शेजारच्यावर भार येतो. मणके जोडून टाकावेत तर वाकणे-वळणे जाते. उरतात ते गळपट्टा, कमरपट्टा, वेदनाशामक गोळ्या आणि सोसण्याची शक्ती.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९८५ पाहावा. पंजाब पेटलेला होता, आदल्या वर्षी पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या आणि शीख बांधवांचे हत्याकांड घडून गेले होते. सचखंड श्री हजूर साहिबाच्या सान्निध्यात राहणाऱ्या नांदेडकरांना त्या दिवसांची धग वेगळी सांगावी लागत नाही. अशा वेळी एक्काहत्तर वर्षांचे, बसू न शकणारे बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बरोबर शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि बाबा वाहनात केलेल्या बिछान्यावर. रस्त्याचा प्रत्येक खड्डा आडव्या माणसाच्या पाठीत थेट उतरतो, हे बैलगाडीतून वा जीपमधून रुग्ण नेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. असे पाच हजार किलोमीटर, सुमारे चार महिने. मुक्कामाच्या गावी बाबांना उतरविले जाई, ते उभे राहून बोलत आणि परत आडवे होत. एप्रिल १९८६ मध्ये हे अभियान पूर्ण झाले. एवढ्याने भागले नाही. १९८८-८९ मध्ये अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातमधील ओखापर्यंत दुसरे अभियान निघाले आणि ते पहिल्याहून लांब पल्ल्याचे होते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही प्रवास असमंजसपणाचे होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. साधनाताईंनी ते असमंजसपण सांभाळले, हे त्यांचे ऋण चरित्रलेखनात बहुधा एका ओळीत उरकले जाते.

मॅगसेसे पुरस्कार १९८५ मध्ये, पद्मविभूषण १९८६ मध्ये, टेम्पल्टन पुरस्कार १९९० मध्ये असे सन्मान येत राहिले. १९९० मध्येच बाबांनी आनंदवन सोडले आणि मध्य प्रदेशात बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदेच्या काठी बिऱ्हाड केले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांबरोबर राहण्याचा तो निर्णय होता. महाराष्ट्रात यावर मतभेद झाले. धरणाचे पाणी ज्यांना हवे होते त्यांना बाबा विरोधी पक्षातले वाटले. विस्थापितांना मिळालेल्या वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनी १९९१ मध्ये पद्म सन्मान परत केले. जवळजवळ दहा वर्षे त्या काठावर एक पलंग होता आणि आंदोलनाची माणसे त्या पलंगाभोवती जमत.

बाबा नर्मदाकाठी असतानाच दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या गावांतील दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे दगावली आणि ढिगाऱ्यातून निघालेल्या जखमींत कणा मोडलेलेही होते. झीज आणि मोड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झीज माणसाला वर्षे देते. मोडलेल्या कण्यात मज्जारज्जू चिरडला की कमरेखालचे शरीर क्षणात परके होते. जखमीस हातापायांना धरून उचलले तर वाचलेला मज्जारज्जूही दुखावू शकतो. त्याला फळीवर सरळ ठेवून, मान न हलविता न्यावे लागते. हे ज्ञान आपल्या भागात त्या पहाटे फार थोड्यांपाशी होते.

त्याच सुमारास शस्त्रक्रियेचे रूप पालटत होते. झुरिचचे यासारगिल आणि जर्मनीचे कास्पर यांनी १९७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली चकतीच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. जपानच्या हिजिकाता यांनी १९७५ पासून त्वचेतून नळी सरकवून चकतीचा भाग काढण्याची रीत आणली. १९८० च्या दशकात एमआरआय आले आणि चकती व मज्जारज्जू सुईविना दिसू लागले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या फोली व स्मिथ यांनी नळी आणि दुर्बीण यांचा मेळ घातला. या पद्धतीत स्नायू कापले जात नाहीत. एकातून एक जाड होत जाणाऱ्या नळ्यांनी ते बाजूस सारले जातात. छेद साधारण दोन सेंटीमीटरचा असतो आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत चालत घरी जातो. पूर्वी अशा इलाजासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. आता कण्याच्या शस्त्रक्रिया नांदेड आणि लातूर येथेही होतात. तथापि अद्याप अनेकजण उसण भरली म्हणून महिनोन्महिने मालिश करून घेतात. पायातील शक्ती कमी होऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर तो मालिशीचा विषय राहत नाही. त्या दोन लक्षणांत दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. उलटपक्षी, नुसत्या कंबरदुखीचे बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत बरे होतात.

बाबांसारख्या सर्वदूर झिजलेल्या कण्याला या नव्या नळीनेही फारसे देता आले नसते. एका जागीचा दाब काढणे हे दुर्बिणीचे काम आहे. अनेक मणक्यांची झीज, त्यात ऐंशीच्या पुढचे वय, या ठिकाणी सुज्ञ शल्यचिकित्सक आजही हात आखडता घेतो आणि रुग्णाला काय साधेल, काय साधणार नाही, ते आधी स्पष्ट सांगतो.

नर्मदेहून बाबा आनंदवनात परतले. २००७ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि दि. ९ फेब्रुवारी २००८ रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी आनंदवनातच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला नाही. ज्या खडकाळ भूमीत त्यांनी पहिली विहीर खोदली, तेथील मातीतच त्यांना ठेवण्यात आले. साधनाताई जुलै २०११ मध्ये गेल्या.