गल्लीत शिरणारा प्राध्यापक

आमच्या वाड्यासमोरची गल्ली नकाशावर रुंद झाली आणि पाच बिऱ्हाडे गावाबाहेर गेली. नगररचनेचा विषय निघाला की मला ती बिऱ्हाडे आठवतात, आणि आठवतात पॅट्रिक गेडिस.

१८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे वनस्पतिशास्त्रज्ञ लग्नानंतर पत्नी ॲनासह एडिंबराच्या गरीब, दाट वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी घरे स्वच्छ केली, पडीक जागेत बागा फुलवल्या.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्या काळी रोगराईवर नगरपालिकांचा उपाय ठरलेला असे: सरळ, रुंद रस्ता आखायचा आणि आड येणारी घरे पाडायची. तंजावर, मदुरा येथे गेडिस बोळाबोळांतून पायी फिरले. घर पाडले म्हणून गरीब नाहीसा होत नाही. तो शेजारच्या वस्तीत दाटी करतो आणि फावते ते भाडे उकळणाऱ्यांचे, हे त्यांनी अहवालांतून बजावले. अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरे काढा, मोकळ्या जागेत झाडे लावा, बाकीची डागडुजी करून जपा, असे त्यांचे सांगणे होते.

१९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले; १९३२ साली फ्रान्समध्ये वारले.

नियम हवेतच. पण रस्त्याची रुंदी ठरवणाऱ्याने आधी त्या गल्लीतून एकदा चालून यावे. आमच्या गल्लीत कोणी आले नव्हते.