Explained: मंगळाच्या ध्रुवांवरील बर्फाचे थर आणि एका सिव्हिल इंजिनिअरचे गणित
झरी जामणीत मे महिन्यात ऊन भाजते, डिसेंबरात थंडी पडते. कारण पृथ्वीचा आस कललेला आहे. हा कल हजारो वर्षांत बदलला तर? ते गणित मिलुटिन मिलांकोविच (१८७९-१९५८) यांनी मांडले. व्हिएन्नात शिकलेले हे सिव्हिल इंजिनिअर १९०९ मध्ये बेलग्रेड विद्यापीठात शिकवू लागले. १९१४ मध्ये, लग्न नुकतेच झालेले असताना, ऑस्ट्रिया-हंगेरीने त्यांना कैद केले. पुढे बुडापेस्टमध्ये नजरकैदेत, ग्रंथालयात बसून त्यांनी मंगळाचे तापमान गणिताने काढले. त्यांच्या हिमयुगांच्या सिद्धांताला समुद्रतळाच्या गाळातून भक्कम पुरावा मिळाला १९७६ मध्ये, मृत्यूनंतर १८ वर्षांनी. मंगळाचा आस पृथ्वीपेक्षा खूप जास्त डोलतो. त्याच्या ध्रुवांवर बर्फ-धुळीचे थर कसे साचले, हे शोधणारी आजची मॉडेल्सही मिलांकोविच यांच्याच वाटेने जातात.