समुद्र अडवला कुळांनी, धान्य नेलं खोतांनी: चरीचा संप लढवणारे नारायण नागू पाटील

देशातल्या सर्वात जास्त काळ चाललेल्या शेतकरी संपांमध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाचं नाव घेतलं जातं. २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झालेला हा संप १९३९ पर्यंत चालला. त्याचे नेते होते नारायण नागू पाटील, म्हणजेच आप्पासाहेब. लोक इतकी वर्षं मागे का हटले नाहीत, हे समजून घ्यायचं तर आधी तिथली माती समजून घ्यावी लागते.

पाटलांचा जन्म १८९२ चा, आगरी समाजातला. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. अलिबाग-पेणचा खाडीकाठ म्हणजे खारेपाट. डोंगरउतारावरून पावसात धुपलेली माती अंबा नदी धरमतरच्या खाडीकडे वाहून आणते. वरच्या शेतांचं हे नुकसानच, पण खाली साचणाऱ्या गाळात पिकाला लागणारी पोषणद्रव्यं येतात.

अडचण मिठाची. मातीत मीठ वाढलं की ओल असूनही रोपाला पाणी ओढता येत नाही. सोडियममुळे चिकणमातीची घडण मोडते आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते.

यावर उपाय म्हणजे खाडीला मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी बसवायची. भरतीला उघाडी बंद, ओहोटीला उघडी. पावसाचं गोडं पाणी मीठ धुऊन खाडीत नेतं आणि भात उभा राहतो. उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर येतं, लाटा बांध कुरतडतात, खेकडे बिळं पाडतात. त्यामुळे डागडुजी दरवर्षीची. एक खांड पडली, खारं पाणी आत शिरलं, की पुढचे दोन-तीन हंगामही हातचे जाऊ शकतात.

ही राबणूक कुळांची होती. मात्र कागदावर हक्क खोताचा आणि धान्याचा मोठा वाटाही त्याचाच. वर वेठबिगार आणि नाना तऱ्हेच्या वसुल्या. जमीन तयार करणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

पाटलांनी कुळांना एकत्र केलं आणि थेट नांगर थांबवला. चरीसह २५ गावांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. घरात धान्य नव्हतं. लाकूडफाटा विकून, खाडीतली मासळी आणि रानातला मेवा खाऊन लोकांनी दिवस काढले. १६ डिसेंबर १९३४ ला चरीतल्या शेतकरी परिषदेचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवलं. १९३७ मध्ये पाटलांनी 'कृषीवल' हे पत्र सुरू केलं. त्याच वर्षी आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर धडकले.

अखेर महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले. १९३९ च्या कूळ कायद्याने बरीच वर्षं जमीन कसणाऱ्यांना संरक्षित कूळ मानलं. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्याचा मालकीहक्क मानला गेला. १९६८ मध्ये पाटलांचं निधन झालं, पण ही जमीन कुळांच्या नावावर होताना त्यांनी पाहिली होती.

मातीचा प्रश्न मात्र तिथेच संपला नाही. १९४८ च्या खारभूमी कायद्याने आणि त्यानंतर १९७९ च्या कायद्याने बांधांच्या कामात सरकार उतरलं. तरीही खारेपाटात बांध फुटतात. दुरुस्ती लांबली की शेतात खारफुटी उगवते. ती किनाऱ्याचं रक्षण करते आणि तोडायला बंदी आहे, म्हणजे ते शेत परत मिळवणं जवळपास अशक्य. सातबारावर नाव असतं, पण भात पिकत नाही.

पाटलांच्या लढ्याने कुळाला जमिनीचा मालक केलं. ती जमीन पिकती राहते ती मात्र बांध शाबूत असेपर्यंतच.