बेथेल गांव वसविणारे रेव्ह. नारायण शेषाद्रि

इंग्लंडांतील लहानशा खेड्याचें चित्र पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. मध्यें उपासनामंदिर, शेजारीं पाळकाचें घर व शाळा, भोंवतीं शेतें. पूर्वीं मूल जन्मलें कीं त्याचें नांव मंदिराच्या वहींत चढे, आणि म्हातारपणीं त्याच आवारांत मूठमाती मिळे. आमच्याकडे मंडळी आधीं झाली आणि गांव मागाहून शोधावें लागलें. जालन्याजवळील बेथेल हें असें शोधून मिळविलेलें गांव होय.

तें वसविणारे नारायण शेषाद्रि जातीनें ब्राह्मण. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकत असतां डॉ. विल्सन व रेव्ह. नेस्बिट यांच्या सहवासानें त्यांचें मन पालटलें, आणि सन १८४३ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरानें भरली. धाकटा भाऊ श्रीपति हाही मिशनरींपाशीं येऊन राहिला होता व त्यांच्या पंक्तीस जेवला होता. त्याचा बाप्तिस्मा मात्र झाला नव्हता. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली. मुलगा लहान ठरला आणि कोर्टानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. पण घरीं गेल्यावरही त्याचे हाल संपले नाहींत. त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर मोठें रण माजलें. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुलाची बाजू घेतली, म्हणून कर्मठांचा रोष त्यांच्यावरही झाला. बापानें मुलगा परत मागितला यांत त्याचा दोष काढतां येत नाहीं. दोन्ही मुलगे एकदम दुरावूं पाहत होते.

सन १८५४ मध्यें नारायणरावांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. पुढें ते निजामच्या मुलखांत जालना येथें गेले. तेथें त्यांचें ऐकणारे लोक बहुतेक मांग व महार होते. गांवकुसाबाहेर राहावें, गांवकी करावी, बलुत्याच्या दाण्यावर पोट भरावें, हा त्यांचा जन्मक्रम. अशा मनुष्यानें नवा धर्म धरला आणि गांव रुसलें, तर त्यानें जावें कोठें? नारायणरावांनीं या प्रश्नाचें उत्तर केवळ उपदेशानें दिलें नाहीं. त्यांनीं निजामचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जमीन मिळविली, तीवर गांव वसविलें, आणि याकोबाच्या कथेंतील बेथेल, म्हणजे देवाचें घर, हें नांव त्यास दिलें. मंदिर झालें, शाळा झाली, शेतें लागवडीस आलीं. ज्यांची सावली त्यांच्या पूर्वजांनीं टाळली, त्यांच्यांतच हा ब्राह्मण पाळक वावरला.

ख्रिस्ती लोकांचें गांव निराळें असावें कीं नसावें, यावर पुढें मतभेद झाले. शेजाऱ्यांपासून तुटलेली मंडळी शेजाऱ्यांस साक्ष कशी देणार, ही शंका खरीच आहे. परंतु ज्यांस गांवानें आधींच बाहेर ठेविलें होतें, त्यांस ती विचारणें मला कठीण वाटतें.

कामासाठीं त्यांनीं परदेशचे प्रवासही केले. सन १८७३ मध्यें न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेंत ते पागोटें घालून उभे राहिले, तेव्हां त्यांजकडे सर्वांचें लक्ष वेधलें. सन १८९१ मध्यें अशाच एका समुद्रप्रवासांत, बेथेलपासून फार दूर, त्यांचा अंत झाला.